‘संस्कार कमी पडले’ म्हणण्याआधी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

तरुण मुलानं जीव दिला की भेटायला आलेली माणसं बाहेर चपला घालता घालता कुजबुजतात, “आई नोकरी करायची ना? फार लाडावलं होतं.” शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सोडून देऊ. पण हाच सूर सरकारी व्यासपीठावरूनही लागतो, म्हणून हे पत्र.

असं विद्वानांनीही बोलून झालंय. अमेरिकन मनोविश्लेषक हर्बर्ट हेंडिन यांनी 1964 साली मांडलं, की डॅनिश आया मुलांना अपराधी वाटायला लावतात, स्वीडिश घरात यशाचा धाक असतो, नॉर्वेतलं मूल मात्र राग मोकळेपणानं काढतं. म्हणून नॉर्वेत आत्महत्या कमी. ऐकायला झकास! पुढे 1970 ते 1988 या काळात नॉर्वेतलं प्रमाण जवळपास दुप्पट झालं आणि डेन्मार्कमधलं 1980 नंतर निम्म्याहून खाली आलं. एवढ्या वर्षांत आया बदलल्या म्हणावं, तर डेन्मार्कमध्ये त्याच सुमारास जीवघेणी औषधं सहज मिळेनाशी झाली होती. श्रीलंकेतही अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली आणि आकडा घसरला.

मग बालपणाचा संबंधच नाही? आहे, आणि चांगलाच आहे. अमेरिकेत 17 हजारांवर प्रौढांच्या अभ्यासात दिसलं, की लहानपणी मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन यांतलं जितकं जास्त वाट्याला आलं, तितके पुढे आत्महत्येचे प्रयत्न वाढले. आणि मुलाचं बालपण फक्त घरचेच बिघडवतात असंही नाही. कॅनडात सरकारच्या धोरणानं सुमारे दीड लाख आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबली. त्याच देशातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात चँडलर आणि लालोंड या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं, की शाळा, आरोग्यसेवा, स्वशासन ज्या आदिवासी समाजांनी आपल्या हाती ठेवलं किंवा परत मिळवलं, तिथे तरुणांच्या आत्महत्या फारच कमी. काही ठिकाणी पाच वर्षांत एकही नाही. मग जिथे आत्महत्या जास्त, तिथलं खापर कुठल्या आईवर फोडणार?

तेव्हा संस्कारवर्ग नकोत. मुलांना मारण्यावर बंदी घाला. स्वीडननं ती 1979 मध्येच, सगळ्यांच्या आधी घातली. घातक विषं हाताशी येणार नाहीत असे नियम करा. आणि पोरावर हात उगारून बसलेल्या, घाबरलेल्या बापाला न लाजता जाता येईल असा समुपदेशक जवळच्या सरकारी दवाखान्यात बसवा. यासाठी किती तरतूद करणार, ते जाहीरपणे सांगा.

कळावे,
एक नागरिक