पंच क्रमांक दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. खुनाच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या सोलापूरच्या एका यंत्रमाग कामगाराला उच्च न्यायालयाने अपिलात निर्दोष सोडले. त्याला अटक झाली तेव्हा फोटोसकट अर्धे पान भरले होते, ते कात्रण पूर्व भागातल्या पुष्कळांना अजून आठवते. चार ओळी मात्र फारशा कोणी वाचल्या नाहीत, आणि ज्यांनी वाचल्या ते चहाच्या टपरीवर म्हणाले, "पुराव्याअभावी सुटला." त्या पुराव्यातल्या एका कागदावर पंच म्हणून, म्हणजे पोलिसांच्या कारवाईचा साक्षीदार म्हणून, माझी सही आहे. म्हणून हे पत्र.

बारा वर्षांपूर्वी मी एका चादर कारखान्यात दिवाणजी होतो. दुपारी ठाण्यातून एक हवालदार आले. "पंच पाहिजे, दोन मिनिटांचं काम आहे." मी गेलो. टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर एक कोयता ठेवलेला होता, मूठ काळपट, पात्याला माती. शेजारी लिहून तयार असलेले कागद होते. त्यात म्हटले होते की आरोपीने आम्हा दोन पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले, आम्हाला नाल्याकाठी नेले आणि बाभळीच्या बुडातून कोयता काढून दिला. मी नाल्याकडे गेलो नव्हतो. आरोपीला तर पाहिलेही नव्हते. बोट दाखवले तिथे सहा सह्या केल्या, चहा घेतला आणि अर्ध्या तासात पुन्हा कीर्दीवर येऊन बसलो.

या सहीला किती वजन असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुरावा म्हणून चालतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 27 होते, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 23 मध्ये आले आहे. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसला की अनेक खटले या एका 'काढून दिले'वर उभे राहतात, आणि ते खरे की खोटे हे पोलिसांव्यतिरिक्त सांगू शकणारी माणसे दोनच, ते दोन पंच. सरकार पक्षाने दुसऱ्या पंचाला तपासले. तो कागदाप्रमाणे बोलला. मला समन्स आले नाही तेव्हा हायसे वाटले होते, हेही लिहून टाकतो.

गल्लीतले लोक माझ्याकडून अर्ज-विनंत्या लिहून घेतात. त्या कामगाराची पत्नी विड्या वळते. निकालाची इंग्रजी प्रत पिशवीत घालून ती माझ्याकडे आली. मी पंच होतो हे तिला माहीत नव्हते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "अण्णा, आमच्या मालकानं केलं न्हाई असं लिवलंय का यात, का नुसतं सोडलंय असं लिवलंय?" मी वाचून सांगू लागलो. कोयता जागेवर सीलबंद केला नव्हता. जागा उघडी, कुणीही यावे-जावे अशी. आरोपीचे शब्द पंचनाम्यात जसेच्या तसे नव्हते. मग एकोणिसाव्या पानावर माझे नाव आले. पंच क्रमांक दोन, सरकार पक्षाने तपासला नाही.

मी तिला सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मग तुमी तवा कोर्टात का न्हाई आलाव?" बोलावले नाही म्हणून, एवढेच मला म्हणता आले.

वकिलासाठी तिने विडी कामगारांच्या पीएफमधले पैसे काढले होते. तुरुंगातल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे तिला चार वर्षांनी कळले. तारखेला सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून मुंबई, रात्री परत, आणि सकाळी हजार विड्या. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, सोलापूरची अपिले आता तिकडे चालतात. तिच्या फेऱ्या तोवर होऊन गेल्या होत्या.

'पुराव्याअभावी' म्हणणाऱ्यांना नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या हत्याकांडाचा खटला आठवून पाहायला सांगतो. आरोपी भटक्या जमातीतले सहा जण. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहाही जणांना फाशी ठोठावली, आणि त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष ठरवले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून भलतीच चार माणसे ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. आपल्या शहराने तरी असे बोलू नये. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांवर कोर्टाने खुनाचाच शिक्का मारला होता. त्यांची थोरवी वेगळी, त्या पंगतीत मी कोणाला बसवत नाही. पण दर जानेवारीत त्या पुतळ्यांना हार घालणाऱ्या गावाला कोर्टाचा शिक्का चुकू शकतो हे समजावून सांगावे लागू नये.

आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचे, पंचांच्या सहीसकट, चित्रीकरण बंधनकारक आहे. ही संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली तेव्हापासून. पंच म्हणून बोलावले तर मोबाइल चालू आहे का ते बघा, आरोपी समोर आहे का ते बघा, आणि कागद कोरा किंवा आधीच भरलेला असेल तर सही करू नका. कारखानदारांनीही "जाऊन ये रे" म्हणून कामगाराला पिटाळू नये.

आणखी एक. चुकीने तुरुंगात डांबलेल्यांना भरपाई मिळावी यासाठी विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा अहवाल दिला. तसा कायदा अजून झालेला नाही. आपल्या खासदार-आमदारांना आपण याबद्दल विचारावे, ही विनंती. तोवर ज्याने त्याने स्वतः कोर्टात जायचे. त्या बाई जाणार आहेत. अर्जासोबत माझे प्रतिज्ञापत्र जोडायचे ठरले आहे. त्याने माझ्यावर काय येईल ते वकिलांनी समजावून सांगितले आहे. परवा त्यांनी मसुदा दिला. त्यात मी नाल्यापर्यंत गेलो होतो असे एक वाक्य चुकून आले होते, ते काढून घेतले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे. त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तो छापू नये.)