‘ऑफ-रोड पॅकेज’ म्हणजे नेमके काय, ते छापावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर पिकअप गाड्यांची ओळख करून दिली जाते, तेव्हा ‘ऑफ-रोड पॅकेज’ हा शब्द हल्ली हमखास असतो. परंतु त्या पॅकेजमध्ये गाडीला जास्तीचे कोणते भाग बसवलेले असतात, हे बहुधा लिहिलेले नसते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या भागांत ज्यांची शेती आहे आणि ज्यांना भर पावसात पाणंदीतून गाडी न्यावी लागते, त्यांना सीटचे कापड आणि टचस्क्रीनचे इंच यांपेक्षा ही माहिती अधिक कामाची आहे.

नावावरून अंदाज बांधणे किती फसवे असते, हे अमेरिकेतील टोयोटा टकोमा या पिकअपवरून कळते. तिचे ‘टीआरडी स्पोर्ट’ आणि ‘टीआरडी ऑफ-रोड’ हे दोन प्रकार नावाने भावंडे वाटतात, पण मागचे डिफरन्शियल (एका धुऱ्यावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी) लॉक करण्याची, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरवण्याची, सोय ‘ऑफ-रोड’मध्ये मिळते, ‘स्पोर्ट’मध्ये नाही. फोर्ड एफ-१५० च्या ‘एफएक्स-४’ पॅकेजमध्ये लॉक होणारे मागचे डिफरन्शियल, खडबडीत रस्त्यासाठी जुळवलेले शॉकॲब्सॉर्बर आणि पोटाखालच्या संरक्षक प्लेटा येतात. शेव्हरोलेचे ‘झेड-७१’ हे १९८८ पासून चालत आलेले पॅकेज आहे. त्याच कंपनीच्या सिल्व्हरॅडो या पिकअपच्या ‘ट्रेल बॉस’ प्रकारात त्यातील सामग्रीखेरीज गाडी दोन इंच उचललेली असते, तर ‘झेडआर-२’मध्ये पुढचे आणि मागचे अशी दोन्ही डिफरन्शियल लॉक होतात. म्हणजे एकाच कंपनीच्या एकाच गाडीवर ‘ऑफ-रोड’ या शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ होतात आणि किंमतही त्यानुसार चढत जाते.

आपल्याकडे पॅकेजांची एवढी गर्दी नाही, तरी घोळ आहेच. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये भारतात आली आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, म्हणूनच ओळखली गेली. मात्र २०२१ मध्ये ती बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक) इंजिनासह आली, तेव्हा तिचा एक प्रकार फक्त मागच्या चाकांवर चालणारा होता. त्याच सुमारास आलेली हाय-लँडर दिसायला जवळपास तशीच, पण तीही फोर बाय टू, म्हणजे मागच्या दोनच चाकांवर चालणारी. टोयोटा हायलक्स २०२२ पासून येथे फोर बाय फोर आणि मागच्या डिफरन्शियलच्या लॉकसह विकली जाते. टाटा योद्धा आणि बोलेरो कॅम्पर यांच्या बाबतीत ‘चार चाकांची’ आणि ‘दोन चाकांची’ असा भेद एकाच नावाखाली असल्याने मागणी नोंदवतानाच तो लिहून घ्यावा लागतो. येथील एका शोरूममध्ये मी मागच्या लॉकविषयी चौकशी केली असता विक्रेत्याने मोठ्या आत्मविश्वासाने डॅशबोर्डवरील एक बटण दाखवले. ते उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचे निघाले. ती यंत्रणा करूळ घाटात किंवा रानातल्या निसरड्या उतारावर उपयोगी खरीच, पण ती ब्रेकवर चालते. रुतलेली गाडी बाहेर काढणे हे तिचे काम नव्हे.

साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की, जे चाक फिरायला सोपे त्याच्याकडे फिरकी जाते. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात मागचे एक चाक चिखलात आणि दुसरे बांधाच्या कडेला घट्ट जमिनीवर असले, तर चिखलातले चाक गरागरा फिरून स्वतःचा खड्डा खोल करते आणि घट्ट जमिनीवरचे चाक जागचे हलत नाही. लॉक लावले की दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरावे लागते आणि पकड असलेले चाक गाडी ओढून काढते. त्यातून पिकअपचा हौदा रिकामा असला की मागच्या धुऱ्यावर वजनच नसते. म्हणून खताची पोती भरलेली गाडी ज्या पाणंदीतून निघते, तिथेच परतताना मोकळी गाडी फसते. फोर बाय फोर असूनही लॉक नसेल, तर पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके फिरत राहून गाडी अडकू शकते, ही गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. काही गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवण्याची सोय असते. ती लॉकइतकी खंबीर नसली तरी काहीच नसण्यापेक्षा बरीच बरी. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र लॉक लावून गाडी वळवू नये. टायर घासतात आणि धुऱ्यावर ताण येतो.

‘फोर लो’ म्हणजे ट्रान्सफर केसमधील (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या धुऱ्यांत वाटणाऱ्या पेटीतील) हळू गिअर. त्यात चाकांवरचा जोर साधारण अडीचपट होतो आणि वेग तितकाच घटतो. पोटाखालच्या प्लेटेचे महत्त्व दगडावर आपटून इंजिनाखालचे तेलाचे चेंबर फुटलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. टायरच्या बाबतीत मात्र कंपन्या सर्वाधिक हात आखडता घेतात: रस्त्यासाठीचेच टायर देऊन गाडीवर ‘ऑफ-रोड’ची अक्षरे चिकटवली, तर त्यांच्या खाचा चिकण मातीने पहिल्या काही फुटांतच भरून जातात.

पाण्याविषयी एक खुलासा येथे आवश्यक वाटतो. हायलक्सची पाण्यातून जाण्याची क्षमता ७०० मिलिमीटर सांगितली जाते, म्हणजे सुमारे सव्वादोन फूट. हा आकडा संथ पाण्याचा आणि सावकाश चालवण्याचा आहे. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडू लागते, तेव्हा रस्त्यांवर येणारे पाणी वाहते असते आणि गाडीला उचलून बाजूला नेण्यास त्याला दोन फूटही लागत नाहीत.

‘राहिलेले भाग नंतर उद्यमनगरातल्या कारखान्यात बसवून घेऊ’ असे म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाचावे. नोंदणी प्रमाणपत्रावरील मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करण्यास ते मनाई करते. पुढे लावले जाणारे लोखंडी बंपरगार्ड हा अनेकांना ऑफ-रोडचा पहिला दागिना वाटतो. पण डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास कळवले होते, कारण पादचाऱ्याला त्यांचा मार गंभीर बसतो आणि एअरबॅगच्या कामातही त्यांचा अडथळा येतो. चिखलात तर ते निव्वळ पुढच्या चाकांवरचे ओझे.

यास्तव विनंती अशी की, आपल्या पानावर यापुढे पिकअपची माहिती देताना प्रत्येक प्रकारापुढे फोर बाय फोर, फोर लो, मागचे लॉक, संरक्षक प्लेटा, टायरचा प्रकार आणि गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची हे रकाने छापावेत, आणि कंपनीने एखादा तपशील दिला नसेल तर तो रकाना रिकामा ठेवून ‘कंपनीने कळवले नाही’ असे लिहावे. वितरकांनीही कोटेशनवर नुसते पॅकेजचे नाव न लिहिता हेच तपशील शिक्क्यानिशी द्यावेत, म्हणजे गाडी ताब्यात घेताना ती खाली वाकून पडताळून पाहता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर