पीडित कुटुंबांना भेटणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

खून किंवा जीवघेण्या हल्ल्यानंतर पहिला आठवडा घरात माणसांची रीघ असते. महिन्याभराने दार कोणी वाजवत नाही. आपलं खरं काम तेव्हाचं आहे. "काही लागलं तर सांगा" एवढंच म्हणून निघू नका, अशी माणसं सांगत नाहीत. मुलांना शाळेत सोडा, कोर्टाच्या तारखेला शेजारी बसा.

घटना कशी घडली हे विचारू नका. नाव, फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत, इथेही नाही.

नुकसानभरपाई, मोफत वकील, समुपदेशन यांची माहिती कागदावर लिहून द्या. धक्क्यात ऐकलेलं डोक्यात राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या जाहीरनाम्याने जवळच्या कुटुंबीयांनाही 'पीडित' मानलं आहे, हे त्यांना जरूर सांगा. निकालाच्या दिवशी कोण सोबत जाणार, ते आधीच कळवा.