मीनल, तो खोका रद्दीत देऊ नकोस

डोंबिवली,
रविवार

प्रिय मीनल,

तुझं पत्र मिळालं. नव्या घराची बातमी वाचून फार बरं वाटलं, ईशाला स्वतःची खोली मिळतेय हे तर उत्तमच. पण माळ्यावरचा ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवरच्या कादंबऱ्या-कॉमिक्सचा खोका रद्दीवाल्याला द्यायचा तुझा बेत मला अजिबात पटलेला नाही. ‘त्या कथा आता कॅनन, म्हणजे अधिकृत, राहिल्याच नाहीत, मग ठेवून करायचं काय?’ असं तू लिहिलंयस. फोनवर हे सगळं नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

२५ एप्रिल २०१४ला ते चित्रपट काढणाऱ्या लुकासफिल्मने जाहीर केलं, की तोवरच्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स यापुढे ‘लेजंड्स’ या नावाखाली निघतील, अधिकृत कथानकात त्या धरल्या जाणार नाहीत. त्यामागचं कारण मला समजतं. पुस्तकांत नायक ल्यूकचं लग्न झालेलं, राजकन्या लेयाला हॅन सोलोपासून तीन मुलं, हॅनचा साथीदार च्यूबाका मेलेला, हे सगळं सांभाळत नवा चित्रपट लिहिणं अवघडच होतं. पण तो निर्णय त्यांनी त्यांच्या पुढच्या कामासाठी घेतला. आपण जे वाचलं ते चांगलं होतं की वाईट, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं.

खोक्यात ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ असेल, बघ. १९७८चं, ॲलन डीन फॉस्टरचं. पहिल्या चित्रपटाची कादंबरीही त्यानेच लिहिली होती, पण ती दिग्दर्शक जॉर्ज लुकासच्या नावावर निघाली, आणि तीही १९७६मध्ये, चित्रपटाच्या आधी. ‘स्प्लिंटर’ लिहिताना बेत असा होता, की चित्रपट फारसा चालला नाही तर कमी खर्चात पुढचा भाग काढता यावा. म्हणून सगळं धुक्याने भरलेल्या एका ग्रहावर घडतं. हॅन सोलो त्यात नाहीच, कारण ते काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डने पुढच्या भागासाठी करार केलेला नव्हता. ल्यूक आणि लेया भाऊबहीण आहेत हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं, त्यामुळे आज काही पानं वाचताना अवघडायला होतं. तरी मला ते पुस्तक आवडतं. पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसताना लिहिलेल्या कथेत जो मोकळेपणा असतो, तो त्यात आहे. आणि तो धुक्याचा मिंबन ग्रह २०१८च्या ‘सोलो’ चित्रपटात आलाच की!

खरा जीव अडकलाय तो टिमथी झानच्या तीन पुस्तकांत. ‘एअर टू द एम्पायर’ १९९१ला आलं. शेवटचा चित्रपट येऊन आठ वर्षं झाली होती, मार्व्हलचं कॉमिक १०७ अंकांनंतर १९८६लाच बंद पडलं होतं. हे सगळं आता संपलं असं वाटत असताना ते पुस्तक थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि त्यातला थ्रॉन! ज्यांच्याशी लढायचं त्यांची चित्रं आणि शिल्पं समोर मांडून बसणारा, त्यावरून त्यांची विचार करायची पद्धत ओळखणारा, जुलमी साम्राज्याचा सेनापती. चित्रपटांतल्या खलनायक डार्थ व्हेडरसारखा तो कुणाचा गळा आवळत नाही. हाताखालच्या माणसाने डोकं वापरलं आणि तरी अपयश आलं, तर तो त्याला बढती देतो. असा शत्रू चित्रपटांत एकही नव्हता.

पण तुला आठवण करून द्यायचीय ती लेयाची. दुसऱ्या भागात, ‘डार्क फोर्स रायझिंग’मध्ये, ती नोघ्री लोकांच्या ग्रहावर जाते. पोटात जुळी आहेत, तिला पळवून न्यायला साम्राज्याने पाठवलेत ते याच लोकांना, आणि तरी ती स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. ते तिला वासावरून व्हेडरची मुलगी म्हणून ओळखतात आणि मान देतात. ज्या बापाचं नाव तिला नकोसं झालंय, त्याच नावाच्या आधाराने तिला तिथे बोलावं लागतं. मग ती शोधून काढते, की साम्राज्य त्यांची विषारी झालेली जमीन साफ करत असल्याचं सोंग करतंय आणि प्रत्यक्षात मुद्दाम नापीक ठेवतंय, म्हणजे हे लोक पिढ्यान् पिढ्या मिंधे राहतील. तलवार न उपसता, नीट बघून आणि बोलून ती एक अख्खी जमात साम्राज्यापासून तोडते. तिसऱ्या भागात थ्रॉन मरतो तो त्याच्याच नोघ्री अंगरक्षकाच्या हातून, म्हणजे लेयाच्या त्या भेटीमुळे. कॉलेजात असताना फाउंटनच्या फूटपाथवर हे पुस्तक मिळालं, तेव्हा असं राजकारण करणारी नायिका मी विज्ञानकथेत वाचलेली नव्हती. ते पान कॅनन नाही म्हणून माझ्या मनातून कसं जाईल?

आणि चित्रपटवाल्यांनी या पुस्तकांकडून घेतलं किती, तेही बघ. कोरसाँट हे राजधानीचं नाव झानचं, १९९९च्या चित्रपटात ते जसंच्या तसं आलं. निळ्या कातडीची जेडाय योद्धा आयला सेक्युरा मूळची डार्क हॉर्स प्रकाशनाच्या कॉमिक्समधली. लुकासला तिचं चित्र आवडलं आणि २००२च्या चित्रपटात ती पडद्यावर दिसली. थ्रॉनला तर २०१६मध्ये ‘रिबेल्स’ या ॲनिमेशन मालिकेत परत आणला, पुढच्याच वर्षी झानकडून त्याच्यावर नवी कादंबरी लिहून घेतली, आणि २०२३च्या ‘असोका’त तो प्रत्यक्ष नट घेऊन आला. झानचीच मारा जेड, पुस्तकांत ल्यूकची बायको होते ती, मात्र अजून बाहेरच आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळंच जपण्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही. ‘डार्क एम्पायर’ कॉमिकची चित्रं मला आजही खिळवून ठेवतात, पण मेलेला सम्राट क्लोनच्या शरीरात परत आला की ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधला, सम्राटाला मारून स्वतः मरणाऱ्या व्हेडरचा त्याग फुकट जातो. २०१९च्या चित्रपटाने सम्राट परत आणला तेव्हाही मला हेच वाटलं. ‘लेगसी ऑफ द फोर्स’ची मालिका तर तू खुशाल देऊन टाक. माराला तिच्याच भाच्याच्या हातून मारलं, आणि ते ज्या घाईने उरकलंय त्याबद्दल मी त्या लेखकांना माफ करू शकत नाही. च्यूबाकाचा मृत्यू निराळा. ‘व्हेक्टर प्राइम’मध्ये ग्रहावर चंद्र कोसळत असताना तो हॅनच्या मुलाला वर ढकलून स्वतः मागे राहतो, आणि पुढची कितीतरी पुस्तकं हॅन त्या मुलाकडे नीट बघू शकत नाही. दुःखाला त्यांनी जागा दिली. म्हणून तो मृत्यू मला मान्य आहे.

ॲरन ऑल्स्टनची ‘रेथ स्क्वॉड्रन’ची पुस्तकं वेगळी काढून ठेव. कुठेच धड न टिकलेले वैमानिक एकत्र करून उभी केलेली तुकडी, जेडाय एकही नाही, आणि प्रत्येक मृत्यू लागतो. ऑल्स्टन फेब्रुवारी २०१४मध्ये गेला, त्या घोषणेच्या दोनच महिने आधी. या लेखकांना ‘फ्रँचायझीवाले’ म्हणून बाजूला सारतात तेव्हा मला राग येतो. नायकाला मारायचं नाही, जग बदलायचं नाही, मुदत ठरलेली, हक्क दुसऱ्याचे. एवढ्या अटींत लिहूनही फॉस्टरला २०२०मध्ये आपल्या जुन्या पुस्तकांची रॉयल्टी थांबल्याचं जाहीरपणे सांगावं लागलं, अमेरिकेतली विज्ञानकथा-लेखकांची संघटना त्याच्यामागे उभी राहिली, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

ईशाला सुरुवात झानपासूनच करून दे. क्रमाने, तिन्ही. मग मॅथ्यू स्टोव्हरने केलेली ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ची कादंबरी दे. चित्रपटात ॲनाकिनची, म्हणजे पुढच्या व्हेडरची, घसरण घाईची वाटते, स्टोव्हर त्याच्या मनात शिरून, वाचणाऱ्यालाच ‘तू’ म्हणत लिहितो आणि ती भीती आपलीच होते. नव्यातलं हवं असेल तर २०१५चं ‘डार्थ व्हेडर’ कॉमिक, त्यातली डॉक्टर ॲफ्रा तिला नक्की आवडेल.

नव्या कॅननबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे तुला त्यावरून कळेलच. क्लॉडिया ग्रेचं ‘लॉस्ट स्टार्स’ तू वाचलंस का? एकाच ग्रहावरची दोन मुलं साम्राज्याच्या अकादमीत जातात. थेन पळून जातो, सिएना दिलेल्या शब्दासाठी थांबते. मला सिएनाचं थांबणं पटतं, माझ्या भावाला अजिबात पटत नाही. तुझं काय मत आहे ते सविस्तर लिही. आणि सामान हलवायच्या दिवशी मदतीला यायचंय, तारीख कळव.

काकूंना नमस्कार, ईशाला खूप लाड.

तुझी,
अश्विनी