पोटाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या आणि 15 दिवसांची औषधे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

इंदूरच्या रामबागेतून लिहिते आहे. हिंदी प्रत टपालाने पाठवली आहे. मराठीत अशासाठी, की इथल्या आमच्या लोकांनीही हे वाचावे.

माझ्या थोरल्या दिरांना पोटाचा, म्हणजे जठराचा, कॅन्सर आहे, चौथ्या टप्प्यातला. आयुष्मान कार्डावर केमो सुरू झाली, त्याबद्दल मनापासून आभार. पण मध्येच डावी पोटरी सुजली. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

हे काही अघटित नव्हे. कॅन्सर आणि गुठळ्यांचा संबंध फ्रेंच वैद्य ट्रुसो यांनी 1865 मध्ये मांडला, आणि दोन वर्षांनी ते स्वतः पोटाच्या कॅन्सरनेच गेले. गुठळ्यांचा धोका सर्वांत जास्त असलेल्या कॅन्सरांत जठर आणि स्वादुपिंड यांची गणना होते.

यावर एनॉक्झापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन घरीच, पोटाच्या कातडीखाली, बहुधा रोज दोनदा घ्यावे लागते. तेही निदान तीन ते सहा महिने, आणि कॅन्सर आटोक्यात नसेल तर पुढेही. आयुष्मान योजनेत मात्र घरी सोडल्यावर औषधे मिळतात ती 15 दिवसांपर्यंतच. त्यानंतर दुकानातून विकत घ्या! एका खिडकीवर आम्हाला सांगितले, "गोळ्या घ्या ना." जठरातली गाठ काढलेली नसेल, तर रक्त पातळ करणाऱ्या काही नव्या गोळ्यांनी तिथून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळे शौच झाले की घरच्यांची रात्र कशी जाते, ते खिडकीमागच्या माणसाला कसे कळावे? इंजेक्शनही निर्धोक नाही, पण ते निवडायचे की गोळी, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पैशाने नव्हे.

काही रुग्णांत तर गुठळ्या होता होता प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) संपतात आणि रक्त थांबेनासे होते. तेव्हा प्लेटलेट, प्लाझ्मा द्यावे लागतात, आणि जमेल तिथे मूळ कॅन्सरवर केमोही. यात तासांचा हिशेब असतो. फायब्रिनोजेनच्या तपासणीसाठी रात्री रक्ताच्या नमुन्याची नळी घेऊन खासगी लॅब शोधत फिरणे आम्ही भोगले आहे.

एनॉक्झापॅरिन केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेच. कॅन्सरच्या रुग्णाला ते डॉक्टर सांगतील तितके महिने जिल्हा रुग्णालयातून मोफत द्या, आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फायब्रिनोजेनची तपासणी रात्रंदिवस सुरू ठेवा. आदेश कधी निघेल, ते कळवावे.

आपली,
रामबागेतील एक रहिवासी, इंदूर