देवाचे आई करते, बाबा पेपर वाचतात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांवर घरच्या घरी धार्मिक संस्कार करण्याचे बारा सोपे उपक्रम सांगणारा रविवारच्या पुरवणीतील लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा, आमच्या चिरंजीवांनी तो ‘बाबा, जरूर वाचा’ अशा शेऱ्यासह कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला म्हणून. आणि दुसऱ्यांदा, आपण वाचले ते खरोखरच छापलेले आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी. लेखिकाबाईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु बाराही उपक्रमांची सुरुवात ‘आईने’ या शब्दाने होते आणि वडिलांचा उल्लेख संपूर्ण लेखात एकदाच येतो, तोही मुलीने आरती म्हटली की तिचा व्हिडिओ काढण्यापुरता.

याच मुद्द्यावर पत्र लिहिण्याचे कारण मला फारसे भूषणावह नाही. 1994 साली आमचा मुलगा तिसरीत होता आणि आम्ही सरकारी वसाहतीत राहत होतो. शाळेत ‘माझे घर’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. त्यातली सहावी ओळ अशी होती : ‘आमच्या घरी देवाचे आई करते, बाबा पेपर वाचतात.’ बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली नव्हती, उलट शेजारी ‘छान’ असे लिहिले होते. तो पेपर आपलाच होता, हेही येथे नमूद करतो. मी तेव्हा स्वतःला चांगलाच धार्मिक समजत असे. माझा संकष्टीचा उपवास कधी चुकला नव्हता. मात्र चंद्रोदयानंतर पानात पडणारे मोदक कोण करते, दूर्वा कोण निवडून ठेवते, देव्हाऱ्यातली पितळेची भांडी चिंचेने कोण घासते, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. मुलाने तो विचार केला होता, आणि धर्म हे आईचे काम असते, हा संस्कार त्याच्यावर आमच्याकडून कोणताही उपक्रम न राबवता पक्का झाला होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी पेपर बाजूला ठेवला आणि समई लावायला बसलो. समईत तेल घालून तिच्यात तुपाच्या निरांजनाची फुलवात ठेवणारा गृहस्थ आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवशी प्रथमच पाहिला. पुढे शुभंकरोती झाल्यावर परवचा म्हणायचे ठरले. तिथी आणि महिने निभावले. नक्षत्रांशी मात्र गाडी अडली. आमचे घराणे शेतकऱ्याचे, त्यामुळे मृगापासून स्वातीपर्यंतची पावसाची नक्षत्रे वडिलांच्या तोंडून ऐकून मला पाठ होती, पण विशाखेच्या पुढे काय, हे शपथेवर सांगता येईना. मुलाने ती आईकडून विचारून आणली आणि मला शिकवली. महिनाभर तो दर संध्याकाळी माझी परीक्षा घेत असे. बाप चुकतो, हे पाहण्याची मौज त्याला इतकी वाटू लागली की त्याला हाक मारावी लागत नसे. मी कार्यालयातून यायच्या आत तो वात काढून ठेवत असे, आणि ती लांब वात असे, फुलवात नव्हे, हेही सांगायला हवे.

शेजारी माझ्याच कार्यालयातील एक मुस्लिम सहकारी राहत. ईदच्या सकाळी ते स्वतः शिरखुर्म्याच्या वाट्या भरत आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा त्या जाळीदार रुमालाने झाकून वसाहतीत घरोघर पोचवत असे. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून आमची मंडळी तिच्यात साखर घालून देत. पोरगा ती न सांडता घरी नेत असे. सण म्हणजे आधी दुसऱ्याच्या दारात जाणे, हे त्या मुलाला तक्ता करून शिकवलेले मी तरी पाहिले नाही.

तक्त्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्या लेखातील चौथ्या उपक्रमानुसार पिंपरीला आमच्या सुनेने फ्रिजवर तक्ता लावला असून एक श्लोक म्हटला की एक स्टिकर, आणि दहा स्टिकर झाले की चॉकलेट, असा दर ठरला आहे. सून दिवसभर नोकरी करून संध्याकाळी हे सारे करते, त्यामुळे तिला दोष देण्याची माझी हिंमत नाही. नातीने मला फोनवर विचारले, ‘आजोबा, मनाचे श्लोक किती असतात?’ मी कौतुकाने 205 असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता झाली आणि मग उत्तर आले, ‘म्हणजे वीस चॉकलेटं, आणि पाच स्टिकर उरतात.’ भागाकार बिनचूक होता, एवढे समाधान मानून मी फोन ठेवला. नवव्या उपक्रमात हिरव्या कागदाच्या दूर्वा कापायला आणि सातव्यात थर्माकोलचे मखर करायला सांगितले आहे. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, हे पुरवणीच्या संपादकांना ठाऊक नसावे. दूर्वा तर त्यांच्या इमारतीमागे फुकट उगवतात. त्या खुडायला मुलांना घेऊन वडिलांनी खाली उतरावे, तीन पात्यांची दूर्वा कोणती ते दोघांनी मिळून शोधावे, चिखलाने हात भरवावेत, आणि एकवीस मोजताना चुकले तर पुन्हा मोजावे. त्याचा व्हिडिओ नाही काढला तरी चालेल.

जाता जाता आणखी एक. मागील गणेशोत्सवात आपण अंकाबरोबर आरतीची पुस्तिका वाटली होती. तिच्यात गृहकर्जाच्या दोन जाहिरातींच्या मध्ये ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ छापले होते आणि त्यात ‘संकटी पावावे’ याऐवजी ‘संकष्टी पावावे’ असे होते. मांडवात लोक हीच चूक वर्षानुवर्षे करत आले आहेत, त्यांना मी काही म्हणत नाही. परंतु नात आरतीत ‘संकष्टी’ म्हणाली तेव्हा मी तिला थांबवून सांगितले की, बाळ, संकटात धावून यावे अशी ही विनवणी आहे, ती काही चतुर्थीपुरती नाही. त्यावर तिने आपली पुस्तिका आणून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘आजोबा, इथे छापलंय.’ तीस वर्षांपूर्वी पेपर वाचत बसल्याबद्दल मी दोषी ठरलो होतो, या वेळी त्याच पेपरने मला खोटे पाडले. दुरुस्तीसाठी मी तेव्हा आपल्याला पत्र पाठवले होते. त्याची दखल घेतली गेली नाही.

यंदाची पुस्तिका छापखान्यात जाण्यापूर्वी आपण ही ओळ सुधारावी, आणि मागील चुकीबद्दल अंकात दोन ओळींचा खुलासा द्यावा, ही विनंती. खुलासा शक्यतो मोठ्या टाइपात असावा. तो कापून पिंपरीला त्या फ्रिजवर लावायचा आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा