‘होतंय की’ म्हणायची सवय

मा. संपादक,
नमस्कार.

तुमच्या पेपरातलं करिअरचं पान मी दर आठवड्याला वाचते. मुलाखत कशी द्यायची, कोणता कोर्स करायचा, पुण्यात कुठं चान्स आहे, सगळं असतं, पण नोकरी लागून 14 वर्षं झालेल्या माणसानं काय करायचं हे कुणी लिहीत नाही, म्हणून म्हणलं आपणच लिहावं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. अकाउंट्स म्हणजे बिलं, जीएसटी, पगार, बँक, एक्स्पोर्टचे कागद, आणि लाइटबिल भरायचं राहिलं की तेही. 2025 सालानं मला जेवढं दमवलं तेवढं कोविडनं पण नाही दमवलं, तेव्हा निदान कारखाना बंद तरी होता.

आपल्या सोलापुरात कुणालाही काम सांगा, उत्तर ठरलेलं, ‘होतंय की’. ह्याचा अर्थ झालंय पण होतो, होईल पण होतो, आणि मला माहितेय होणार नाही पण आत्ता वाद नको असापण होतो. मी 14 वर्षं तिसऱ्या अर्थानं म्हणत आले हे मला गेल्या वर्षी कळलं.

पहिल्यांदा कळलं मे महिन्यात. 18 मेच्या पहाटे आमच्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 जण गेले, तुम्ही सगळं छापलंय, मी परत लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि पहिल्यांदा आमच्या पॅकिंग खात्याच्या मागच्या दाराकडं नीट बघितलं. दाराला लागून टॉवेलचे गठ्ठे छातीएवढे रचलेले, दाराची कडी पण दिसत नव्हती. ते गठ्ठे मी रोज बघत होते, निदान तीन वर्षं तरी, कारण माझा डबा खायचा कोपरा बरोबर समोर आहे. कधी कुणाला बोलले नाही, का तर ते माझं खातं नाही, अण्णांचं आहे. अण्णा म्हणजे आमचे सुपरवायझर, माणूस चांगला, पण त्यांच्या खात्यात नाक खुपसलेलं त्यांना चालत नाही. त्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बोलले, बोलताना आवाज कापत होता, मालक काही न बोलता उठले आणि स्वतः येऊन बघून गेले, संध्याकाळपर्यंत दार मोकळं. म्हणजे काम होतं अर्ध्या दिवसाचं आणि मी तीन वर्षं समोर बसून भाकरी खाल्ली.

एवढं होऊन शहाणं व्हायला पाहिजे होतं की नाही, पण नाही झाले.

ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतातून जाणाऱ्या मालावर आधी 25 टक्के ड्युटी लावली आणि मग 27 तारखेपासून 50, नेमका गणपती बसला तो दिवस. आमचा थोडा माल मुंबईच्या एका पार्टीकडून अमेरिकेला जातो. त्या पार्टीचा मेल मला शुक्रवारी आला होता की पुढची ऑर्डर सध्या होल्डवर ठेवा. मी मालकांना सांगितलं बुधवारी. मधले दिवस काय करत होते तर स्वतःची समजूत घालत होते, की सोमवारी दुसरा मेल येईल, काहीतरी मार्ग निघेल, त्यांना उगाच कशाला टेन्शन. आणि त्याच मधल्या दिवसांत मालकांनी त्या ऑर्डरसाठी आणखी दोन टन सूत बुक केलं. मी सांगितल्यावर ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं, फक्त म्हणाले, ‘मॅडम, वाईट बातमी शिळी करून देऊ नका.’ ते सूत पुढं देशातल्या ऑर्डरला वापरलं गेलं पण दोन महिने पैसे अडकून पडले, आणि दर महिन्याच्या बँकेच्या स्टेटमेंटात त्याचं व्याज मलाच बघावं लागत होतं.

आता सप्टेंबर. हे जरा सविस्तर लिहिते कारण ह्यातलं पाप शंभर टक्के माझं.

3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं दर बदलले, लागू 22 पासून. टॉवेल, चादर, बाथरोबमध्ये आधी असं होतं की नगाला हजारपर्यंत 5 टक्के आणि हजाराच्या वर 12. ती रेघ आता अडीच हजारावर गेली, तिथंपर्यंत 5 आणि वर 18. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, चारशेच्या आसपास आयटम, साइझ वेगळी, वजन वेगळं, गिफ्टचे सेट वेगळे. त्यात वरच्या मालाचे डीलर 3 तारखेपासून बिल घ्यायला तयार नाहीत, सगळ्यांचं एकच, 22 नंतर टाका. मालकांनी विचारलं 22 ला, सोमवारी सकाळी, नव्या दरानं बिलं सुरू होतील का. मी काय म्हणले असेन ते तुम्हाला कळलंच असेल.

हाताखाली एक बी.कॉम. झालेला पोरगा आहे. त्यानं जूनमध्येच मला म्हणलं होतं, मॅडम मला मास्टर, म्हणजे टॅलीतली आयटमची आणि दरांची नोंद, कशी बदलायची ते दाखवा. मी म्हणले, राहू दे, तुला समजवण्यापेक्षा मी केलेलं पटकन होतं. खरं कारण हे नव्हतं. सगळं मला एकटीलाच येतंय ह्यात एक मजा असते, मालक दिवसातून दहा वेळा हाक मारतात, आपल्यावाचून अडतं असं वाटतं. मग सुट्टीच्या दिवशी पण आपल्यावाचूनच अडतं.

तर 21 तारीख, रविवार, सर्वपित्री अमावस्या. घरी सासऱ्यांचं पान वाढायचं होतं आणि मी ऑफिसात. रात्री नळाला पाणी आलं, आपल्याकडं ते रोज येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको, ते मिस्टरांनी एकट्यानं भरलं. साडेअकराला वॉचमन येऊन म्हणतो, ‘काय कराल्लाव मॅडम, घरला जावा की.’ मी दीड वाजता उठले. सकाळी घटस्थापना, अंघोळ करून परत आठला हजर. दिवसभरात धडाधड बिलं निघाली, मालक खूश, मी पण.

बुधवारी एका डीलरचा फोन आला, बाराशे रुपयांच्या सेटला तुम्ही 12 टक्केच लावलेत, आता 5 आहे ना? बघते तर गिफ्ट सेटचा अख्खा ग्रुपच बदलायचा राहिलेला. अशी 23 बिलं गेलेली. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल, 24 तासांच्या आत कॅन्सल करता येतं आणि ते तर कधीच उलटून गेलेले. मग चुकलेली बिलं उलटवायला 23 क्रेडिट नोट, 23 नवी बिलं, 23 जणांना फोन. त्याच आठवड्यात सीना नदीला पूर, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद, आमची एक गाडी अलीकडंच अडकलेली. अर्थात माढा-मोहोळकडं लोकांच्या घरात पाणी होतं, त्यापुढं माझ्या 23 बिलांचं काय घेऊन बसलात. पण तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

आणि त्या क्रेडिट नोट कुणी केल्या? पोरानं. मी गुरुवारी तापानं झोपून होते, फोनवरून सांगितलं, त्यानं सगळं एका शंभर पानी वहीत लिहून घेतलं, आधी हे दाबायचं मग ते. दोन चुका केल्या, बाकी सगळं बरोबर. मला आनंद व्हायला पाहिजे होता, खरं सांगते, आधी पोटात गोळा आला. 14 वर्षांचं माझं जे काही होतं ते एका वहीत मावलं.

ती वही आता ऑफिसच्या टेबलावर असते, मीच त्यात भर घालते. एक्स्पोर्टचे कागद अजून लिहायचे राहिलेत.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीमुळं सरकारनंच 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची तारीख 20 ची 25 केली. मला इतकं हसू आलं, म्हणलं बघा, सरकार पण म्हणू शकतं की आत्ता होणार नाही, मग मी का नाही? त्याच आठवड्यात मालकांकडं पगारवाढ मागितली, चार वर्षांत पहिल्यांदा तोंडानं. मागितली त्याच्या निम्मी मिळाली. ते म्हणाले, तुम्ही कधी बोलला नाहीत, मला वाटलं तुमचं बरं चाललंय.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी पण तशीच घेतली, आठ दिवस आधी सांगून. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडत होत्या, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ चाललेलं, फोन पर्समध्ये. नंतर बघितला तर पोराचे सात मिस्ड कॉल आणि शेवटी मेसेज, ‘सापडलं मॅडम, वहीत होतं.’

नाव छापू नका ही विनंती, मला तिथंच काम करायचंय. आणि काल डबा खायला बसले तर मागच्या दाराला परत दोन गठ्ठे टेकवलेले. अण्णांना सांगितलं. ‘होतंय की’ म्हणाले. मी डबा झाकला आणि ते हलेपर्यंत तिथंच उभी राहिले.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर